इच्चूच्या दांड्याच्या दोन पिना

मामा, त्या दोन पिना माह्या बॅगेत आहेत. बाजूच्या खिशात, जिथी मी पाण्याची बाटली ठेवते तिथी. लाल धाग्यानं एकमेकीले बांधलेल्या. अकरा दिवस झाले अन् घरात कोणाले मालूम नाही.

हे पयलेच सांगून टाकलं. नाही तं मी इकडचं तिकडचं बोलत बसीन अन् खरी गोष्ट राहूनच जाईन. तुमाले माही सवय मालूम आहे. तुमी म्हणतच होते, "रोशे, तुह्या तोंडाले सगळे गेअर आहेत, ब्रेकच नाही देला बनवणाऱ्यानं." आताबी तसंच होऊन राहिलं. बोटं पळून राहिले, चुका होऊन राहिल्या, पण थांबली तं मंग लिहिणंच होणार नाही.

उद्या तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. विहारासमोर मंडप टाकला. भंतेजी येणार, कोंढ्यावरून मामीचे भाऊ येणार, सारं गाव येणार. मामीनं सकाळी म्हटलं, "दोन शब्द तूच बोल, तुलेच बोलता येते." मी हव म्हटलं. तवापासून कोठ्याच्या ओट्यावर बसून आहे. समोर आंगणात तुमचा इच्चू उभा आहे. त्याच्याकडं पाहाची हिंमत होत नाही, म्हणून मोबाईलमंदी डोकं घालून तुमाले लिहून राहिली.

लोकं उद्या म्हणतीन, सुखदेव चांगला माणूस होता. ते तं म्हणतीनच. मले ते नाही सांगाचं.

इच्चू आला तवा मी अकरावीत होती. लहानसा टॅक्टर, समोर माती लोटाची बकेट, मांगं खोदाचा पंजा. पंजा वर गुंडाळून ठेवला का शेपटी उचललेल्या विंचवावानी दिसे, म्हणून पोट्टे "इच्चू आला, इच्चू आला" ओरडत अन् तेच नाव पडलं. सीटच्या मांगं तो लोखंडी दांडा, कमानीसारखा, बसणाऱ्याच्या डोक्याच्याबी वर जाणारा. पयल्याच दिवशी केशवकाका आले, तुमचे लहानपणापासूनचे दोस्त. तुमचं दोघायचं ठरलेलं, ते तुमाले जयभीम घालत अन् तुमी त्यायले राम राम. त्यायनं इच्चूभोवती एक चक्कर मारली अन् म्हणे, "हे काय गा सुखदेव, वरतं धोतर वाळू घालाले देलं का?"

तुमी हासले नाही. तुमी म्हटलं, "केशवा, टॅक्टर उलटला तं हा दांडा जमिनीवर टेकते अन् माणूस त्याच्या आत वाचते. पण सीटचा पट्टा लावला पाहिजे. पट्टा नसला तं माणूस बाहेर फेकल्या जाते अन् मंग तोच टॅक्टर त्याच्या अंगावर येते. दांडा अन् पट्टा, हे दोघं नवरा-बायको समज. एकटं कोणीच कामाचं नाही."

केशवकाका म्हणे, "आमच्या घरी तं दांडा अन् पट्टा दोन्ही तिच्याच हातात आहे."

मंग तुमी हासले. इतके हासले का मामी बाहेर आली पाहाले.

मले तो दिवस पुरा आठवते मामा. आता लिहितानीबी हासू येऊन राहिलं, अन् मंग एकदम आठवते का तुमी नाही.

चढावर तुमी इच्चूले उलटा चढवत. रिव्हर्समंदी. बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या त्या मातीच्या बांधावर, जाचं असलं का पंजा पुढं, तोंड खालतं, असे मान वळवून मांगं पाहात पाहात चढत. सारं गाव हासे. "उलटा सुखदेव चालला" म्हणत. मी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता तवा किती लोकायनं खाली हासरे तोंडं टाकले. मले राग आला होता, तुमाले नाही आला. तुमी म्हटलं, "माह्यं तोंड काहून दाखवते वं? चाक दाखव. चाक पाहून शिकतीन." अन् मंग मले कोठ्यापाशी मातीत बोटानं काढून दाखवलं. पंजाचं सारं वजन मांगं, सरळ चढवला तं समोरचे चाकं हलके होतात, तोंड उचलते, स्टेअरिंग लागत नाही. म्हणून जड अंग नेहमी चढाकडं. चढतानी उलटा, उतरतानी सरळ. आडवा तं कधीच नाही.

बाकीचे टॅक्टरवाले काय करत, समोरच्या बंपरवर दोन माणसं बसवत वजन म्हणून. मी बी एकदा म्हटलं होतं, "मामा, मी बसते ना समोर, माह्यावानी वजनदार दुसरी कोण आहे घरात?" मले वाटलं तुमी हासान. तुमी चाबी काढून खिशात टाकली अन् दिवसभर इच्चू काढलाच नाही. संध्याकाळी जेवतानी इतकंच म्हटलं, "माणूस वजन नाही व्हय, रोशनी." नावानं बोलावलं म्हणजे खरंच राग आला हे मले तवाच समजलं.

सातवीत तुमच्याकडं राहाले आली तवापासून तुमी मले कधी असं नाही म्हटलं का हे पोरीचं काम नाही. लोकं म्हणत. चौकातले म्हणत, "सुखदेव, पोरीले टॅक्टर शिकवते का गा?" तुमी म्हणत, "टॅक्टरले काय समजते, बसलं कोण म्हणून?" बस. विषय संपला. तुमची कोणतीबी लढाई अशीच एका वाक्यात संपे. मीच एकटी होती जिच्या संग तुमचं भांडण लांबे.

अन् ती बाटली! ती सांगाचीच राहिली. सलाईनची रिकामी बाटली, आडवी बांधलेली स्टेअरिंगच्या बाजूनं. अर्धं पाणी, त्यात निळी शाई. इच्चू तिरपा झाला का पाणी तिरपं दिसे. दोन्ही बाजूनं माह्या नेलपॉलिशच्या रेघा मारल्या होत्या तुमी. मी ती शिशी हप्ताभर शोधत होती अन् मामीवर आळ घेतला होता! तुमी म्हणत, "पाणी तुह्या रेघेले लागलं का खाली उतराचं. इच्चूले नाही विचाराचं, पाण्याले विचाराचं." ती बाटली अजूनबी आहे मामा. फुटली नाही. रेघा गुलाबीच आहेत.

चढावर जाच्या पयले तुमी चप्पल काढून पायानं चालून पाहात. मलेबी चालाले लावत. कुठी माती दबते, कुठी पोकळ वाजते. "टायरले कळाच्या पयले तुह्या तळव्याले कळलं पाहिजे." खोदाच्या जागी पयले फळ्यायवर इच्चूचे मांगचे दोन्ही लोखंडी पाय टेकवाचे, बकेट जमिनीवर दाबाची, बाटलीतलं पाणी सरळ झालं का मंगच पंजा उघडाचा. माती काढली तं ती चढाकडं टाकाची, उताराकडं नाही. कारण भरलेला पंजा उताराकडं फिरवला का इच्चू त्याच्या मांगं जाते. अन् केशवकाका वरच्या अंगाले उभे, खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन. दुपट्टा वर गेला का सारं थांबवाचं, काहून म्हणून विचाराचंबी नाही.

माह्या पयल्या दिवशी मी तेच केलं. भरलेला पंजा उताराकडं फिरवला. घाईनं. मले वाटलं पटकन टाकून मोकळी होते. इच्चूचा एक पाय फळीवरून उचलल्या गेला, पाणी रेघेच्या पार गेलं. केशवकाकाचा दुपट्टा वर. अन् तुमचा आवाज, बिलकुल हळू, जसं कोणी झोपलेल्या लेकराले उठवते, "पंजा खालतं टेकव. खालतं. हां. बस. आता श्वास घे."

मंग पाळीच्या खालतं मोहाच्या झाडाखाली चहा पाजला. थर्मासातला. म्हणे, "भेवली का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग उद्यापासून नको बसू. जो भेत नाही त्यानं चढावर बसू नये."

मी चहाचा कप खालतं ठेवला अन् रडली. "भेवली मामा. लय भेवली."

"मंग बस. उद्या सकाळी ये."

आता पिनायचं सांगते. सांगावंच लागते.

आपला कोठा ठेंगणा. कवेलूचं छप्पर पुढं इतकं खालतं आलेलं का दांडा उभा ठेवून इच्चू आत जातच नाही. म्हणून रोज संध्याकाळी दोन पिना काढाच्या, दांडा मांगं पाडाचा, इच्चू आत. सकाळी बाहेर काढून दांडा उभा कराचा, दोन्ही बाजूनं पिना ठोकाच्या. मी किती खेपा म्हटलं का समोरच्या दोन ओळी कवेलू काढून टाका, छप्पर उचला. तुमी म्हणत, "धान निघालं का करू." दोन वर्षं धान निघालं, मामा.

अन् एक दिवस दोघायलेबी वाटलं का पिना दुसऱ्यानं लावल्या, अन् दांडा तुमच्या मनगटावर आला. त्या दिवशी तुमी कायदा केला. ज्यानं संध्याकाळी पाडला त्यानंच सकाळी उभा कराचा, दुसऱ्यानं हात लावाचा नाही. पिना कोठ्याच्या दाराच्या खिळ्यावर. मी लाल धागा बांधला त्यायले, हरपू नये म्हणून.

त्यावर आपलं भांडण झालं, आठवते? मी म्हटलं, "मामा हे गलत आहे. कोणीबी लावो, जो बसते त्यानं बसाच्या पयले एकदा पाहावं. हात लावून पाहावं."

तुमी म्हटलं, "तू लावल्यावर मी हात लावून पाहू? घरच्या माणसाचं काम तपासाले लागलो तं ते घर कायचं वं?"

मी म्हटलं, "भरोशाचा प्रश्न नाही."

तुमी म्हटलं, "भरोशाचाच आहे."

अन् खरंच तुमी कधी पाह्यलं नाही. मी पाडला असला, मी आंगणात काढून ठेवला असला, तं तुमी सरळ बसत, पट्टा लावत, निघत. मामीच्या डब्यात मीठ बरोबर आहे का हे जसं कधी उघडून नाही पाह्यलं, तसंच. मले त्याचा किती गर्व वाटे मालूम आहे? मी मैत्रिणीयले सांगे, माहा मामा माह्या लावलेल्या पिनेले हात लावत नाही.

त्या दिवसाच्या पयल्या संध्याकाळी दांडा मी पाडला होता.

सकाळी मले भंडाऱ्याले पेपर होता. तीन दिवसापासून पाणी चालू होतं, तवा जरासं उघडलं होतं. मी इच्चू बाहेर काढला, दांडा उभा केला. त्याचा कबजा, खालची बिजागरी, जाम आहे, म्हणून पिना नसल्या तरी दांडा उभा राहते, तुमाले मालूमच आहे. मी पिना खिळ्यावरून काढून हातात घेतल्या. अन् मामीनं घरातून हाक मारली, "रोशनी, यष्टी आली वं! डबा घे!" मी पिना बॅगेच्या खिशात सरकवल्या, डबा घेतला, छत्री घेतली, पळाली. इतकंच. इतकंच झालं मामा. कोणतं वादळ नाही, काही नाही. मले डबा धराले एक हात पाहिजे होता.

तुमी ओसरीवर दात घासत होते. म्हणे, "पेपर नीट वाच वं, पयले सारा वाच, मंग लिही."

यष्टीत हॉलतिकीट काढाले बॅगेत हात घातला तं लोखंड लागलं बोटाले.

मी तुमाले नऊ खेपा फोन केला. मोजले मी नंतर. तुमी उचलला नाही, कारण इच्चूवर बसलं का फोन हत्याराच्या डब्यात, हाबी तुमचाच कायदा. मामीले लावला, मामी बांधीत, धानात गेली होती, फोन घरी. केशवकाकाजवळ फोनच नाही. मी उतराले उठली होती. खरंच उठली होती मामा. कंडक्टरनं विचारलंबी, उतराचं का? अन् मी मनात म्हटलं, आज मामा फक्त सपाटीतलं काम करणार आहे, ओल्या पाळीवर तो जातच नाही, पाणी पडल्यावर दोन दिवस पाळीवर चाक नाही हे त्यायनंच शिकवलं. मी बसली. पेपरले गेली. फोन बाहेर ठेवाले लावला. बाहेर आली तं चौदा मिस कॉल.

तुमी ओल्या पाळीवर काहून गेले, मामा? यावर मी तुमच्या संग भांडणार आहे. जलमभर भांडणार आहे. केशवकाकायनं सांगतलं, पाळीतून पाणी पाझरून राहिलं होतं, सांडवा गाळानं बुजला होता, अन् खालतं काकायच्याच बांध्या, धान पोटऱ्यात आलेलं. काका नको म्हणत होते. तुमी म्हटलं, "केशवा, तू दुपट्टा घेऊन उभा राह्य, पंधरा मिनिटाचं काम आहे." अनवाणी चालून पाह्यलं. उलटा चढवला. फळ्या ठेवल्या. सांडवा मोकळा केला, पाणी गेलं, धान वाचलं. सारं बरोबर केलं तुमी. पंजा गुंडाळला, मधात आणला, त्याची खिट्टी लावली. सरळ तोंडानं उतरून राहिले होते, जड अंग वरतं, हळू. अन् पाळीची कड आतून खेकड्यायनं पोखरलेली होती. ती तळव्यालेबी नाही कळली. एका बाजूचं चाक खालतं गेलं. केशवकाकायनं दुपट्टा उचलला. इच्चूनं एकच कूस बदलली, हळूच, अन् पायथ्याशी थांबला.

एकच कूस, मामा. तेवढ्यासाठीच तं तो दांडा होता. तो जमिनीले टेकला असता अन् तुमी पट्ट्यात अडकून, डोकं खालतं, मले शिव्या देत राहिले असते. पण त्यात पिना नव्हत्या. तो मुडपला.

पट्टा तुमी लावला होता.

आता ऐका गावात काय चालू आहे. लोकं म्हणून राहिले, साऱ्यायले शिकवत होता अन् स्वतःच दांडा पाडून फिरत होता. तिसऱ्या दिवशी विहारापाशी मी माह्या कानानं ऐकलं, "सुखदेव भुलला." दुसरे म्हणून राहिले का पट्ट्यानंच जीव घेतला, पट्टा नसता तं उडी मारली असती. चौकातल्या राजूभाऊनं त्याच्या टॅक्टरचा पट्टा परवा चाकूनं कापला. सगळ्यायच्या समोर. अन् बाकीच्यायले म्हणे, तुमीबी कापा. तुमी चार वर्षं लागून लागून ज्या माणसाले पट्टा लावाले लावला, त्यानं. मी तिथीच उभी होती. माह्या खांद्यावर हीच बॅग होती.

अन् केशवकाका. ते रोज येतात, आंगणात इच्चूसमोर बसतात. काल म्हणे, "रोशनी, मी दुपट्टा उशिरा उचलला वं. दांडा तं उभा दिसत होता मले. मंग पडला कसा? मी उशीरच केला." त्यायनं दुपट्टा घेणंच सोडलं. खांदा रिकामा.

मी त्यायले पाणी आणून देलं. अन् काहीच नाही बोलली.

थांबा. मामी येऊन राहिली.

मामा, आता पुन्हा लिहून राहिली. बराच वेळ झाला. कसं लिहू ते समजत नाही, जसं झालं तसं लिहिते.

मामी तांदळाची परात घेऊन आली, उद्याच्या जेवणाचा तांदूळ निवडाले. बाजूनं बसली. म्हणे, "लिहिलं का वं?" मी बॅग ओढली, पिना काढल्या अन् परातीत ठेवल्या, तांदळावर. तोंडातून एक शब्द निघाला नाही. माह्या तोंडातून, मामा.

मामीनं पिनायकडं पाह्यलं. हात नाही लावला. म्हणे, "त्या दिवसापासून खिळ्यावर नव्हत्या."

"तुले मालूम होतं?"

"खिळा रोज दिसते वं मले. मले वाटलं, लावाच्या राहिल्या अन् त्यायच्या खिशातून चिखलात गेल्या."

मंग मी सांगतलं. यष्टी, डबा, नऊ फोन, कंडक्टर, सारं. मामीनं मले जवळबी नाही घेतलं अन् दूरबी नाही लोटलं. खडे काढत राहिली. म्हणे, "यष्टी आली म्हणून हाक मीच मारली होती."

"मामी, तसं नको म्हणू."

"मी म्हणतच नाही. मी सांगून राहिली." मंग एकदम परात बाजूले सरकवली. "उठता बसता मले एकच वाटे, हा माणूस भुलला कसा. मीठ आणाले भुलला, माह्या माहेरची वाट भुलला, पण त्या लोखंडाचं कधी नाही भुलला. मले वाटलं मी इतके वर्षं त्यायले ओळखलंच नाही." तिनं पिनायकडं बोट दाखवलं. "उद्या सांग. साऱ्यायच्या समोर सांग."

"लोकं मले काय म्हणतीन, मामी?"

"म्हणू दे. त्यायले म्हणून राहिले ते अकरा दिवस ऐकत होती ना?"

मामा, तुमी मले कधी मारलं नाही. पण असं वाटलं का तुमीच बोलले, त्या एका वाक्यात.

केशवकाका आले तवा मीच त्यायच्याजवळ गेली. तिथीच जमिनीवर बसली अन् पिना त्यायच्या हातात देल्या. सांगतलं. ते लय वेळ पिना उलट्या पालट्या करत राहिले. मले वाटलं आता शिव्या देतीन, मी तयारच होती. ते म्हणे, "मंग मी दुपट्टा टाईमावर उचलला होता?"

"हव काका. टाईमावर उचलला."

"पुन्हा सांग."

"टाईमावर उचलला काका. तुमचं काही नाही चुकलं."

मोठ्या माणसाले असं रडतानी मी कधी नाही पाह्यलं. तोंड पुसाले त्यायनं खांद्यावर हात नेला अन् तिथी दुपट्टा नव्हता. मामीनं आपला पदर पुढं केला.

मंग मामी उठली. कोठ्याच्या मांगून शिडी आणली, छपराले लावली अन् चढली. समोरच्या ओळीचे कवेलू काढाले लागली. एक एक करून. केशवकाका खालतं उभे राहून झेलाले लागले. "वहिनी, हळू जी, शिडी सरकते." मामी म्हणे, "तुमी शिडी धरा भाऊजी, कवेलू फुटले तं फुटू द्या." एक फुटला. दोन फुटले. धान निघाची वाट नाही पाह्यली तिनं.

उद्या मी बोलणार आहे. कागद नाही आणणार, ह्या पिना हातात धरणार. सांगणार का माहा मामा भुलला नव्हता, मी भुलली होती. सांगणार का पट्ट्यानं नाही घेतला जीव, पट्ट्याचा जोडीदार नव्हता म्हणून गेला. राजूभाऊले म्हणणार, कापलेला पट्टा पुन्हा बसव, हात जोडून म्हणणार. अन् सांगणार का आमच्या घरात एक कायदा होता, तो प्रेमाचा होता अन् तरीबी गलत होता. जो बसते त्यानं पाहावं. बापानं लावलं असो का लेकीनं. हात लावून पाहावं. त्यात भरोसा कमी नाही होत, मामा. हे भांडण मी जिंकली. अन् मले नाही पाहिजे होतं जिंकाले.

आता दिवस कलून राहिला. समोरच्या दोन ओळी निघाल्या, कोठ्याचं तोंड उघडं झालं. मी अन् केशवकाकायनं मिळून दांडा उभा केला. जाम कबजा तसाच करकरला. एक पिन मी लावली, एक त्यायच्या हातानं लावली. पिना निसटू नये म्हणून टोकाले खिट्ट्या लावल्या. मी हलवून पाह्यला, त्यायनं हलवून पाह्यला, मामीनं शिडीवरून उतरून हलवून पाह्यला. सीटवर कोणी बसलं नाही. तिथी अजून तुमीच आहात.

दांडा उभा आहे, मामा. दोन्ही बाजूनं लाल धागा दिसून राहिला. मी लावलं आहे, बरोबर लावलं आहे, पण तुमी एक खेप या अन् हात लावून पाहा ना. मले राग नाही येणार.